जीवविज्ञानातील पदव्युत्तर प्रबंधलेखन आणि 'स्वतंत्र संशोधन' : एक चिकित्सा

सारांश

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत संशोधन प्रकल्पाला श्रेयांकांसह स्थान मिळाले आहे. त्यामुळे जीवविज्ञान शाखेतील विद्यार्थ्यांच्या प्रबंधांची संख्या वाढणार हे निश्चित आहे. मात्र संख्या वाढल्याने संशोधनवृत्ती वाढतेच असे नाही. प्रस्तुत लेखात 'स्वतंत्र संशोधन' या संकल्पनेचा अर्थ, विषयनिवडीतील साचेबद्धता, पद्धतिशास्त्रातील उणिवा, मूल्यमापनाचे निकष आणि मार्गदर्शकाची जबाबदारी यांची चिकित्सा केली आहे. कमला सोहोनी व इरावती कर्वे यांच्या प्रबंधांचा त्यासाठी आधार घेतला आहे.

बीजसंज्ञा : जीवविज्ञान, प्रबंध, स्वतंत्र संशोधन, मार्गदर्शक, पद्धतिशास्त्र, मूल्यमापन.

प्रस्तावना

महाविद्यालयीन शिक्षणात ज्ञान देणे आणि ज्ञान निर्माण करणे या दोन गोष्टी दीर्घकाळ वेगळ्या मानल्या गेल्या. वर्गात जे शिकवायचे ते सिद्ध झालेले असते. संशोधनाचे क्षेत्र याच्या उलट, म्हणजे जे अद्याप सिद्ध झालेले नाही त्याचे असते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे विद्यार्थ्याचा प्रबंध होय. महाराष्ट्रात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी २०२३ साली निश्चित झालेल्या पदव्युत्तर आराखड्यात पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४ श्रेयांक, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाचे ४ व चौथ्या सत्रात ६ श्रेयांक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या पदवीतील संशोधनासह ऑनर्स घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही १२ श्रेयांकांचा प्रबंध पूर्ण करावा लागतो. दुसरीकडे, ज्या एम. फिल. पदवीने अनेक वर्षे संशोधनाची पहिली पायरी म्हणून काम केले, ती आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी बंद झाली. म्हणजेच संशोधनाचे प्राथमिक संस्कार करण्याची जबाबदारी आता एम. एस्सी.च्या, किंबहुना पदवीच्या वर्गावर येऊन पडली आहे.

ही जबाबदारी ज्या महाविद्यालयांवर आली त्यांपैकी अनेकांकडे सूक्ष्मदर्शक, तराजू, उष्मायक आणि एखादा वर्णपटमापक यांपलीकडे साधने नाहीत. तेव्हा खरा प्रश्न असा की, अशा ठिकाणी होणारे काम संशोधन ठरावे की परीक्षेच्या आणखी एका पेपराचे रूप? या प्रश्नाचे उत्तर साधनांच्या यादीत शोधले जाते. ते प्रथम 'स्वतंत्र' या शब्दाच्या अर्थात शोधणे आवश्यक आहे.

'स्वतंत्र' म्हणजे काय?

प्रबंधाच्या प्रारंभी विद्यार्थ्याचे प्रतिज्ञापत्र असते. सदर काम स्वतंत्रपणे केले असून ते अन्यत्र कोणत्याही पदवीसाठी सादर केलेले नाही, असा त्याचा आशय असतो. या मजकुरात स्वातंत्र्याची कल्पना केवळ नकारात्मक आहे. चोरी केली नाही, पुन्हा सादर केले नाही, एवढेच ती सांगते. विद्यार्थ्याने काय केले, हे ती सांगत नाही.

जीवविज्ञानातील स्वातंत्र्य तीन पातळ्यांवर तपासता येते. पहिली पातळी प्रश्नाची. प्रश्न विद्यार्थ्याचा स्वतःचा असलाच पाहिजे असे नाही, परंतु तो त्याला समजलेला आणि पटलेला असला पाहिजे. दुसरी पातळी पुराव्याची. आपल्या नोंदी कशा मिळाल्या, कोणत्या नोंदी वगळल्या आणि का, हे विद्यार्थ्याला मार्गदर्शकाविना सांगता आले पाहिजे. तिसरी पातळी निष्कर्षाची. अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष निघाला तर तो तसाच लिहिण्याची मुभा विद्यार्थ्याला असली पाहिजे. यांपैकी तिसरे स्वातंत्र्य सर्वांत दुर्मीळ आणि सर्वांत मोलाचे आहे.

स्वतंत्र म्हणजे एकाकी नव्हे, हेही येथे नमूद करणे अगत्याचे आहे. प्रयोगशाळेत काम करणारा विद्यार्थी आधीच्या विद्यार्थ्याने बनवलेली द्रावणे, वाढवलेले जिवाणू आणि लिहिलेली प्रयोगवही वापरतो. त्याचे स्वातंत्र्य या परंपरेपासून तुटण्यात नसते. त्या परंपरेत स्वतःचा एक विचारपूर्वक टप्पा जोडण्यात ते असते.

दोन प्रबंधांची साक्ष

या तीन पातळ्यांचा विचार करताना महाराष्ट्राशी नाते असलेल्या दोन विदुषींचे प्रबंध उपयुक्त ठरतात.

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या कमला भागवत) यांनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी घेतली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश घेताना त्या स्त्री असल्याच्या कारणावरून संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रथम नकार दिला. पुढे एक वर्षाच्या परिवीक्षेच्या अटीवर प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले आणि १९३६ साली एम. एस्सी. पदवी मिळवली. केंब्रिजमध्ये त्यांनी प्रथम डेरेक रिश्टर व नंतर रॉबिन हिल यांच्यासह काम केले. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीच्या ऊतींत सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेशी निगडित द्रव्य आढळले. १९३९ साली पीएच. डी. मिळवून देणारा त्यांचा प्रबंध सुमारे ४० टंकलिखित पृष्ठांचा होता.

या उदाहरणातून 'प्रबंध लहान असावा' असा सोपा धडा काढणे चुकीचे ठरेल. पृष्ठसंख्या गुणवत्तेचे लक्षण नाही, तशी ती उणीवही नाही. महत्त्वाचे हे की, जो प्रश्न नेमका असतो त्याचे उत्तर नेमक्या जागेत मावते. आपल्याकडील प्रबंधांत पूर्वसंशोधनाचा आढावा निम्मी जागा व्यापतो. 'अमुक यांनी अमुक वर्षी अमुक अभ्यास केला' अशा वाक्यांची ती मालिका असते आणि तिच्यातून प्रबंधाचा प्रश्न कसा उद्भवला हे शेवटपर्यंत कळत नाही. प्रश्न धूसर असला की पाने वाढतात. सोहोनी यांच्या पुढील कार्यातही हीच नेमकेपणाची दृष्टी दिसते. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरा, कडधान्ये अशा सामान्य माणसाच्या आहारातील पदार्थांवर जीवरासायनिक संशोधन केले. विषय स्थानिक होता, पण प्रश्न शास्त्राचा होता.

दुसरे उदाहरण इरावती कर्वे यांचे आहे. त्या मुंबईतून समाजशास्त्राची एम. ए. पदवी घेऊन बर्लिनला गेल्या. तेथील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्था १९२७ साली स्थापन झाली होती व तिचे संचालक ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. मानवी कवटीच्या डाव्या व उजव्या बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाशी जोडता येतो आणि त्यातून युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व दिसते, अशी फिशर यांची धारणा होती. कर्वे यांनी १४९ कवट्यांची मोजमापे घेतली. असमानता आढळली, परंतु तिचा वंशाशी संबंध आढळला नाही. त्यांनी तसेच लिहिले. १९३० साली त्यांना पदवी मिळाली. गुणांकन मात्र कनिष्ठ श्रेणीचे होते, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

या प्रबंधाचे मोल केवळ नैतिक धैर्यात नाही. मार्गदर्शकाने दिलेला विषय, मार्गदर्शकाच्याच संस्थेतील संग्रह आणि मार्गदर्शकानेच मान्य केलेली मोजणीची पद्धत असे सारे परावलंबन असूनही निष्कर्ष स्वतंत्र राहिला. कारण मोजमाप प्रामाणिक होते. म्हणजे स्वातंत्र्याचा निवास विषय कोणी दिला यापेक्षा आकडे काय सांगतात ते मान्य करण्यात असतो. आज एखाद्या विद्यार्थ्याने 'मार्गदर्शकांनी सुचवलेल्या वनस्पतीचा अर्क जिवाणूंवर परिणामकारक आढळला नाही' असे लिहिले, तर त्याचे स्वागत होईल की प्रयोग पुन्हा करण्यास सांगितले जाईल, याचा विचार प्रत्येक मार्गदर्शकाने करावयास हवा.

विषयनिवडीतील साचे

जीवविज्ञानातील प्रबंधांच्या शीर्षकांवर नजर टाकली तर काही साचे वारंवार दिसतात. अमुक तालुक्यातील जलाशयातील प्राणिप्लवकांची विविधता, तमुक वनस्पतीच्या पानांच्या अर्काची जिवाणुरोधक क्षमता, महाविद्यालयाच्या परिसरातील फुलपाखरांची यादी, विद्यार्थ्यांतील रक्तगटांचे सर्वेक्षण हे त्यांतील प्रमुख होत. या विषयांची थट्टा करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. हे सर्व विषय अल्प खर्चात होणारे, परिसराशी जोडलेले आणि मुळात उपयुक्त आहेत. २०१२ साली जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या महाविद्यालयाने परिसरातील जीवांची नोंद करू नये, असे कोण म्हणेल?

दोष विषयात नसून त्याच्या एकटेपणात आहे. एका वर्षी एक विद्यार्थी एका तळ्याचे पाणी बारा महिने तपासतो. सामू, विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायू मागणी यांचे तक्ते करतो. पुढील वर्षी दुसरा विद्यार्थी, 'विषय पुन्हा येऊ नये' म्हणून, दुसरे तळे निवडतो. नमुने घेण्याची वेळ, खोली व जाळीचे छिद्र वेगळे असते. वीस वर्षांनी विभागाच्या कपाटात वीस प्रबंध असतात, पण एकाही तळ्याचा वीस वर्षांचा इतिहास नसतो. हेच वीस विद्यार्थी एकाच तळ्यावर एकाच पद्धतीने काम करते आणि प्रत्येकाने त्यात आपला एक नवा प्रश्न जोडला असता, तर जिल्ह्यातील शासकीय यंत्रणेकडेही नसेल असा दस्तऐवज महाविद्यालयाच्या हाती आला असता. विषयाची पुनरावृत्ती टाळण्याच्या आग्रहाने निरीक्षणाचे सातत्य गमावले आहे. पुनरावृत्ती हा विज्ञानातील दोष नसून पडताळणीचा मार्ग आहे, हे येथे विसरले जाते.

पद्धती आणि पुरावा

साच्यातील विषयसुद्धा पद्धतीच्या बळावर उभा राहू शकतो. दुर्दैवाने सर्वाधिक पडझड येथेच होते. अर्काच्या प्रयोगात अगारच्या थाळीवर जिवाणूंच्या वाढीला रोध करणारे वलय मिलिमीटरमध्ये मोजले जाते आणि वलय मोठे म्हणून अर्क प्रभावी, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु वलयाचा आकार अर्कातील द्रव्य अगारमध्ये किती पसरते यावरही अवलंबून असतो. किमान रोधक संहती काढल्याविना दोन अर्कांची तुलना करता येत नाही. केवळ द्रावक घातलेले नियंत्रण नसेल तर रोध अर्कामुळे झाला की इथेनॉलमुळे, हेही ठरत नाही.

परिस्थितिकीतील कामांत वेगळा दोष आढळतो. एका ओढ्याच्या प्रदूषित भागातून दहा नमुने आणि स्वच्छ भागातून दहा नमुने घेऊन सांख्यिकीय चाचणी लावली जाते. प्रत्यक्षात येथे तुलना वीस एककांची नसते. ती दोनच ठिकाणांची असते, कारण एका ठिकाणचे दहा नमुने परस्परांपासून स्वतंत्र नसतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या दोषाला आभासी पुनरावृत्ती या अर्थाचे नाव दिले. त्यांनी तपासलेल्या १७६ प्रायोगिक अभ्यासांपैकी २७ टक्क्यांत तो आढळला होता. हे अभ्यास प्रथितयश संशोधकांचे होते. म्हणजे हा दोष विद्यार्थ्यांच्या अज्ञानापुरता नाही, तो शिकवण्यातील उणीव दर्शवतो. संशोधन पद्धतीच्या ४ श्रेयांकांत 'संशोधनाचे प्रकार' व 'संशोधनाची वैशिष्ट्ये' पाठ करून घेण्याऐवजी याच एका उदाहरणावर दोन तासिका खर्च केल्या तर त्यांचे सार्थक होईल.

यादीवजा प्रबंधांत पुराव्याचा प्रश्न तीव्र होतो. भ्रमणध्वनीवरील छायाचित्रावरून जाती ओळखली जाते, संग्रहात पुरावा-नमुना ठेवला जात नाही आणि दहा वर्षांनी त्या नोंदीची शहानिशा करणे अशक्य होते. वनस्पतीच्या बाबतीत हर्बेरियममध्ये नमुना जमा करून त्याचा क्रमांक प्रबंधात देणे, हा साधा दंडक पुरेसा आहे. प्राण्यांच्या बाबतीत मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ ची मर्यादा असते. पृष्ठवंशीय प्राण्यांवरील प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची संमती लागते. रक्तगट सर्वेक्षणासारख्या वरकरणी निरुपद्रवी कामातही सहभागी विद्यार्थ्यांची माहितीपूर्ण संमती आवश्यक असते. वर्गमित्राचे बोट टोचून घेतलेला रक्ताचा थेंब हाही मानवी नमुनाच होय. नैतिकतेचे प्रकरण प्रबंधाच्या शेवटी जोडण्याचा कागद नसून प्रश्न ठरवतानाच विचारात घ्यावयाची बाब आहे.

मूल्यमापनाचे अपुरे निकष

प्रबंधाची गुणवत्ता आज मुख्यतः दोन बाह्य निकषांवर जोखली जाते. पहिला निकष शब्दसाम्याचा. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. त्यापुढे ४० व ६० टक्के अशा मर्यादांनुसार कारवाईच्या पातळ्या ठरतात. वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी हे आवश्यकच होते. परंतु संगणकीय प्रणाली शब्दांचे साम्य मोजते, विचारांचे नव्हे. तळ्याचे नाव बदलून आणि वाक्ये फिरवून लिहिलेला प्रबंध ५ टक्क्यांवर सुटतो. उलट, प्रमाणित पद्धतीचे वर्णन प्रामाणिकपणे त्याच शब्दांत करणारा विद्यार्थी अडकतो. आता मजकूर तयार करून देणाऱ्या संगणकीय प्रणाली उपलब्ध झाल्यामुळे केवळ शब्दांवर आधारलेला निकष आणखी दुबळा झाला आहे.

दुसरा निकष प्रकाशनाचा. २०१६ च्या विनियमांत पीएच. डी.च्या विद्यार्थ्याला प्रबंधापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे बंधनकारक होते. २०२२ मध्ये ही सक्ती काढण्यात आली. मधल्या काळात शुल्क घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासगटाने २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात, आयोगाच्या तत्कालीन यादीतील विद्यापीठांनी शिफारस केलेल्या नियतकालिकांतून निवडलेल्या नमुन्यापैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकषांत बसत नसल्याचे दाखवले. त्यानंतर आलेली केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली. आता नियतकालिकाची पारख करण्याचे काम संस्थांवर व अध्यापकांवर आले आहे. हे ओझे आहे, तशीच ती संधीही आहे. कारण यादी पाहून निर्णय घेण्याच्या सवयीमुळे निबंध वाचून निर्णय घेण्याची सवय मोडली होती.

या दोन्ही निकषांपेक्षा जुना आणि अधिक विश्वासार्ह निकष विभागातच उपलब्ध आहे. तो म्हणजे प्रयोगवही. दिनांकासह लिहिलेली, फसलेल्या प्रयोगांची नोंद असलेली, खाडाखोड झालेली वही हीच प्रबंधाची खरी साक्षीदार होय. मौखिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकाने बांधीव प्रबंधाऐवजी ही वही उघडून एखाद्या दिवसाच्या नोंदीविषयी विचारले, तर काम कोणी केले हे पाच मिनिटांत स्पष्ट होईल.

भाषा आणि विचार

विज्ञान शाखेतील प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी शेतातील किडीचे वर्तन उत्तम सांगतो, परंतु तेच लिहावयाचे म्हटले की परकी वाक्ये उचलतो. येथे चौर्याची प्रेरणा अप्रामाणिकपणात नसून भाषेच्या भीतीत असते. इंग्रजी लेखनाची गरज नाकारण्याचे कारण नाही, कारण विज्ञानाचा व्यवहार त्या भाषेत चालतो. तथापि निरीक्षणाच्या नोंदी, प्रश्नाची मांडणी आणि निष्कर्षाचा पहिला खर्डा मराठीत लिहून घेतल्यास विद्यार्थ्याचा विचार त्याच्या स्वतःच्या शब्दांत उभा राहतो. त्यानंतरचे भाषांतर हे त्याच्याच विचाराचे असते. जो विचार स्वतःच्या भाषेत मांडता येत नाही, तो समजला आहे असे म्हणता येत नाही.

मार्गदर्शक आणि वेळापत्रक

जीवविज्ञानाचे एक बंधन इतर शास्त्रांना नाही. त्याचा अभ्यासविषय ऋतूनुसार चालतो. सह्याद्रीच्या सड्यांवरील अनेक वनस्पती पावसाळ्यात उगवतात, फुलतात आणि ऑक्टोबरनंतर दिसेनाशा होतात. तिसरे सत्र नेमके याच काळात असते. जुलैमध्ये प्रवेश, ऑगस्टमध्ये मार्गदर्शकांचे वाटप आणि सप्टेंबरमध्ये विषयनिश्चिती असा क्रम ठेवला तर हंगाम निघून जातो. मग विद्यार्थ्याला उरलेल्या काळात जे सापडेल ते मोजावे लागते, किंवा न मोजलेले आकडे लिहिण्याचा मोह होतो. विषयाची निश्चिती दुसऱ्या सत्राच्या अखेरीस, उन्हाळ्यातच होणे म्हणून अपरिहार्य आहे. बनावट आकड्यांविरुद्ध हा सर्वांत साधा उपाय ठरेल.

मार्गदर्शकाच्या बाजूही समजून घेणे न्याय्य होय. अध्यापनाचा भार, रिक्त पदे, प्रशासकीय अहवाल आणि एकाच वेळी अनेक विद्यार्थी अशा स्थितीत तो साच्याचा आश्रय घेतो. साचा सुरक्षित असतो, कारण निष्कर्ष आधीच ठाऊक असतो. परंतु ज्याचा निष्कर्ष आधीच ठाऊक आहे ते प्रात्यक्षिक होय, संशोधन नव्हे. मार्गदर्शकाने सर्व विद्यार्थ्यांना वेगवेगळे विषय देण्याऐवजी एक दीर्घकालीन प्रश्न हाती घेतला आणि प्रत्येक तुकडीला त्याचा एक भाग दिला, तर त्याचाही भार हलका होईल. विद्यार्थ्यालाही आधीच्या तुकडीची वही वाचून पुढे जाता येईल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, जीवविज्ञानातील प्रबंधाचे स्वातंत्र्य साधनांच्या विपुलतेवर किंवा विषयाच्या नावीन्यावर अवलंबून नाही. प्रश्न समजलेला असणे, पुरावा तपासता येण्याजोगा असणे आणि निष्कर्ष लिहिण्याची निर्भयता असणे, यांवर ते अवलंबून आहे. त्यासाठी प्रत्येक विभागाने एक दीर्घकालीन निरीक्षणस्थळ निश्चित करावे, जुन्या प्रयोगवह्या ग्रंथालयात जतन कराव्यात, विषयनिश्चिती ऋतूच्या आधी करावी आणि नकारात्मक निष्कर्ष असलेल्या प्रबंधाला इतरांइतकेच गुण मिळतील असे मूल्यमापनाच्या निकषांत स्पष्ट लिहावे. यांपैकी एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही.

एम. एस्सी. होणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण पुढे संशोधक होणार नाहीत. ते शाळेत शिकवतील, औषधनिर्मितीच्या कारखान्यात गुणवत्ता तपासतील, स्पर्धा परीक्षा देऊन शासनात जातील. त्यांच्या आयुष्यात एखादे विधान स्वतः मोजून पाहण्याची पहिली आणि कदाचित अखेरची संधी हा प्रबंधच असतो. हा अनुभव खोटा ठरला, तर मोजमाप हा केवळ कागद भरण्याचा उपचार आहे, हा धडा ते सोबत नेतील. तो खरा ठरला, तर तपासल्याशिवाय मान्य न करण्याची सवय त्यांच्यासह अनेक क्षेत्रांत पोहोचेल. १० श्रेयांकांच्या या कामात एवढे पणाला लागलेले आहे.